कॉर्डलेस हॅमर ड्रिल: काँक्रीटमध्ये छिद्र मध्येच अडते तेव्हा जोर वाढवावा का?

निळावंती
पुस्तकांची मांडणी बसवण्यासाठी मी १८ व्होल्टचे कॉर्डलेस हॅमर ड्रिल वापरते आहे. विटांच्या भिंतीत ८ मिमीचे छिद्र विनासायास पडते. खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये मात्र काही ठिकाणी दोन-अडीच सेंटिमीटर आत गेल्यावर बिट पुढे सरकतच नाही. ते जागच्या जागी फिरत राहते, टोक तापते आणि बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी मशीनवर अधिक जोर द्यावा, वेग बदलावा की बिटच बदलावे? दुसरा प्रश्न असा की मशीनसोबत आलेली बाजूची मूठ एवढ्या लहान छिद्रासाठीही लावावी का? जाणकारांनी कारणांसह सांगितले तर आवडेल, कारण कारण कळले की पुढच्या वेळी निर्णय स्वतःला घेता येतो.

ओळंबा
सर्वांत आधी साध्या गोष्टी तपासून घ्या. फिरण्याची दिशा पुढची आहे ना, चकमागचे (बिट पकडणाऱ्या जबड्यामागचे) कडे हातोडीच्या खुणेवर आहे ना आणि गिअर २ वर आहे ना, हे पाहा. गिअर १ मध्ये फेरे कमी पडतात आणि फेऱ्यांबरोबर ठोकेही कमी होतात, त्यामुळे ८ मिमीच्या छिद्राला वेगाचा गिअरच योग्य ठरतो. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेले असावे. बिट काँक्रीटचेच, म्हणजे टोकाला कार्बाइड या अतिकठीण संयुगाची चकती बसवलेले असले पाहिजे. त्या चकतीच्या कडा गोलावल्या असतील तर नवे बिट घ्या. हे सगळे ठीक असेल तर पाय घट्ट रोवून अंगाचा भार थोडा अधिक द्या. हॅमर ड्रिल दाबल्याशिवाय काम करत नाही.

रंधा
ओळंबा यांचे शेवटचे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बिटे जळतात, म्हणून सविस्तर लिहितो.

हॅमर ड्रिलच्या आत समोरासमोर दोन दातेरी चकत्या असतात. त्यांतील एक स्थिर असते आणि दुसरी चकच्या दांड्याबरोबर फिरते. बिट भिंतीवर टेकवून दाबले की दांडा किंचित मागे सरकतो, दाते एकमेकांवर चढतात आणि घसरतात, आणि प्रत्येक घसरणीला बिट पुढे आपटते. फिरत्या चकतीला १५ दाते असतील आणि वेग मिनिटाला २,००० फेऱ्यांचा असेल तर मिनिटाला ३०,००० ठोके बसतात. ही संख्या मोठी वाटते, पण प्रत्येक ठोक्याची उंची एका दातापुरतीच असल्यामुळे त्यातली ऊर्जा फार थोडी असते. दाबाशिवाय दाते एकमेकांवर चढतच नाहीत, इथपर्यंत ओळंबा यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र दाते एकदा व्यवस्थित चढू लागले की त्यापुढच्या दाबाने ठोका मोठा होत नाही. मोटरचा वेग तेवढा मंदावतो, म्हणजे ठोके कमी होतात आणि घर्षण वाढते. टोक तापण्याचे कारण हेच आहे.

रोटरी हॅमर हे यंत्र मुळातच वेगळे आहे. त्यात मोटर एक दट्ट्या मागेपुढे हलवते आणि दट्ट्या व आघातक यांच्यामध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे ठोका बसतो. तिथे ठोके मिनिटाला साधारण ४,००० ते ५,००० असतात, पण लहान मशीनमध्येही प्रत्येक ठोका एक ते तीन जूलचा असतो. म्हणूनच रोटरी हॅमर फक्त टेकवून धरावे लागते आणि त्याच काँक्रीटमध्ये ते कितीतरी लवकर शिरते. हॅमर ड्रिल विटेसाठी आणि काँक्रीटमधील मोजक्या लहान छिद्रांसाठी उत्तम आहे. तुळई किंवा स्लॅबमध्ये सतत छिद्रे पाडायची असतील तर मात्र वेगळे यंत्र वापरणे हेच शहाणपणाचे ठरते.

योग्य दाब ओळखायला आवाजाची मदत होते. ठोक्यांचा कर्कश आवाज एकसारखा चालू असावा आणि छिद्रातून पीठ सतत बाहेर पडत असावे. आवाज जाड आणि मंद झाला तर दाब जास्त आहे, आणि फक्त घरघर ऐकू येत असेल तर दाब कमी आहे.

पटाशी
रंधा यांनी पिठाचा उल्लेख केला, त्याला जोड देते. दर सेंटिमीटरभर आत गेल्यावर, फिरवणे न थांबवता, बिट बाहेर खेचून पुन्हा आत न्यावे. आत साचलेले पीठ निघाले नाही तर ठोके दगडापर्यंत पोचत नाहीत, ते पिठाच्या गादीवर बसतात. आणि तापलेले बिट पाण्यात बुडवून थंड करण्याची पद्धत कृपया सोडून द्या. कार्बाइड आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, त्यामुळे टोकाला तडा जातो किंवा त्याचा झाळ सुटतो. थोडा वेळ भिंतीबाहेर मोकळे फिरवले की बिट हवेनेच निवते.

सांधेवाला
बाजूच्या मुठीबद्दल कोणीच उत्तर दिलेले नाही. माझ्या मते ८ मिमीसाठी ती अनावश्यक आहे. एका हाताने मशीन धरून दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी धरता येते आणि खोलीभर धूळ होत नाही. लहान छिद्रात बिट अडकले तरी मनगटाला ते सहज पेलते.

रंधा
सांधेवाला, याला माझा स्पष्ट विरोध आहे. १८ व्होल्टच्या आजच्या साध्या मशीनचा कमाल पीळही (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) साधारण ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. बिट अचानक अडकले की तोच पीळ उलट दिशेने मशीनच्या अंगावर येतो. तुमची पकड अक्षापासून १५ सेंटिमीटर खाली असेल तर तो थोपवायला हाताला ४०० न्यूटन, म्हणजे जवळपास ४० किलो वजनाइतके बल लावावे लागेल, आणि तेही काही कळायच्या आत. अक्षापासून ३० सेंटिमीटर दूर असलेल्या मुठीवर तेच बल निम्मे होते, शिवाय दोन हात त्याला विरोध करतात. गिअर २ मध्ये पीळ कमी मिळतो हे मान्य आहे, पण फिरत्या भागांचा वेग जास्त असल्याने झटका तितकाच अनपेक्षित असतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कड्यावरचे १, २, ३ हे आकडे क्लचचे असतात आणि तो ठरावीक पिळाला घसरतो, पण बहुतेक मशीनमध्ये ड्रिलच्या आणि हातोडीच्या खुणेवर तो निष्प्रभ होतो. क्लच मनगट वाचवेल अशा विश्वासावर राहू नये. काही नव्या मशीनमध्ये अंग अचानक फिरल्याचे ओळखून मोटर थांबवणारा संवेदक असतो आणि तो खरोखर उपयोगी आहे, परंतु तो मुठीची जागा घेत नाही.

सांधेवाला
हिशेब पटला. धूळ गोळा करण्यासाठी दुसरी व्यक्ती नसेल तर काय करावे, एवढा प्रश्न उरतो.

पटाशी
छिद्राच्या जागेखाली कागदाचे पाकीट उघडे ठेवून रंगाऱ्याच्या चिकटपट्टीने चिकटवा, बरीचशी धूळ त्यात पडते. छतात छिद्र पाडताना बिटावर चढवायचे रबरी कप मिळतात. व्हॅक्यूमची नळी भिंतीला चिकटून राहील अशा जोडण्याही असतात, आणि त्यांच्यामुळे दोन्ही हात मशीनवर राहतात.

मोकळा_श्वास
पाकिटात पडणारी धूळ डोळ्यांना दिसते, फुप्फुसाला त्रास देणारी दिसत नाही. काँक्रीट, वीट आणि दगड यांत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण श्वासातून गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ पासून अशा धुळीला मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमानुसार कामगाराच्या श्वासातील तिचे प्रमाण आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा इतकी कमी आहे की बंद खोलीतले थोडे कामही गांभीर्याने घ्यावे लागते. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा, चेहऱ्याला कडेने घट्ट बसणारा मास्क लागतो. छिद्र साफ करताना तोंडाने फुंकर मारू नका, कारण ती धूळ थेट डोळ्यांत आणि नाकात येते. हातपंप आणि ब्रश वापरा. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा असावा, नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही. इमारत जुनी असून छताच्या किंवा भिंतीच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत तिथे छिद्र पाडूच नये.

ध्वनिलहरी
कानांचा विषय राहून जातो, म्हणून लिहिते. काँक्रीटमध्ये चालणाऱ्या हॅमर ड्रिलचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज आठ तास चालू शकतो आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला मुदत फक्त १५ मिनिटे उरते. मांडणीची सगळी छिद्रे पाडायला एवढा वेळ सहज लागतो, म्हणून कानात बोंडे किंवा वर इअरमफ हवेच. खोलीत लहान मूल असेल तर त्याला आधी बाहेर न्यावे.

कंपनाचाही असाच हिशेब आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हातापर्यंत पोचणाऱ्या कंपनाची रोजची मर्यादा आठ तासांसाठी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि खबरदारीची पातळी २.५ आहे. मशीनच्या पुस्तिकेत काँक्रीटसाठी १५ हा आकडा दिलेला असेल तर सुमारे १३ मिनिटांच्या प्रत्यक्ष वापरातच खबरदारीची पातळी गाठली जाते आणि मर्यादा सुमारे ५३ मिनिटांत संपते. घरगुती कामात कोणी मर्यादेपर्यंत जात नाही, पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर थांबायचे, हे निदान ठरवून ठेवावे.

ओळंबा
हातमोजे घालावेत का, यावर इथे मत हवे आहे. कंपन कमी होते म्हणून मी ते घालण्याच्या बाजूचा आहे.

पटाशी
मी विरुद्ध बाजूची आहे. फिरत्या चकजवळ सैल किंवा कापडी मोजा असेल तर तो गुंडाळला जातो आणि बोटही ओढले जाते. तळहातावर रबराचा थर असलेला, बोटांना अगदी घट्ट बसणारा मोजा एक वेळ चालेल, पण सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस यांच्याप्रमाणेच सैल मोजाही दूर ठेवावा. बिट बदलताना मात्र मोजा जरूर घाला, कारण ते खूप तापलेले असते. त्याआधी बॅटरी काढून ठेवा किंवा निदान दिशेचे बटण मधल्या, बंद स्थितीत आणा. काही जण चक हातात पकडून, ट्रिगर दाबून बिट आवळतात. तळहात सोलून निघण्याचे ते हमखास कारण आहे.

वीजतंत्री
मूळ प्रश्नकर्तीने लिंटेल म्हटले आहे, पण मांडणीची बाकीची छिद्रे भिंतीत आहेत, म्हणून तारांविषयी लिहितो. स्विच किंवा सॉकेटच्या थेट वर, खाली आणि आडव्या रेषेत छिद्र पाडणे टाळा, कारण तारा बहुधा याच रेषांतून नेलेल्या असतात. जुन्या घरांत त्या तिरप्याही सापडतात, म्हणून शोधक यंत्र वापरा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. चालू तार ओळखणारा शोधक तारेत वीज असतानाच तिचा पत्ता देतो. म्हणून आधी वीज चालू ठेवून भिंत तपासावी, जागा पेन्सिलीने आखाव्यात आणि त्यानंतरच त्या भागाचा एमसीबी बंद करून ड्रिल हातात घ्यावे. वीज आधी बंद केली तर शोधक भिंत निर्धोक दाखवील.

कॉर्डलेस मशीनचा खरा सुरक्षिततेचा फायदा हाच आहे की घराची वीज पूर्ण बंद ठेवूनही काम होते. मात्र त्याला वायर नाही म्हणून धक्का बसणार नाही, हा समज चुकीचा आहे. बिट भिंतीतल्या चालू तारेला लागले तर चक आणि धातूचे इतर उघडे भाग यांतून धक्का बसू शकतो. पाण्याच्या नळांसाठी धातू ओळखणारा शोधक लागतो आणि प्लास्टिकचे नळ त्यालाही नेहमी सापडत नाहीत, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीत नळांचा मार्ग माहीत असल्याखेरीज हात घालू नये.

सांधेवाला
बॅटरीविषयी थोडे. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच घट एकापाठोपाठ जोडलेले असतात. ते पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.१ ते ४.२ व्होल्टपर्यंत जातात, म्हणून काही मशीनवर २० व्होल्ट कमाल असे छापलेले असते. शक्ती त्यामुळे वाढत नाही. २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६ वॉट-तास ऊर्जा असते, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास असते. मोठ्या बॅटरीत घटांच्या जोड्या समांतर असतील तर प्रत्येक घटावरचा भार निम्मा होतो, त्यामुळे काँक्रीटमध्ये व्होल्टेज तितके घसरत नाही आणि मशीन दमदार वाटते. अवजड कामानंतर बॅटरी गरम असेल तर ती निवल्याशिवाय चार्जरवर लावू नये. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर घटात धातुरूप लिथियम साचते आणि तो कायमचा बिघडतो. फार दिवस वापरायची नसेल तर ती अर्धी भरलेली ठेवावी.

रंधा
हातोडी कधी बंद ठेवायची हेही सांगायला हवे. लाकडात आणि धातूत ती कधीच वापरू नये. फरशीत छिद्र पाडताना भाल्यासारख्या टोकाचे किंवा हिऱ्याचे बिट कमी वेगाने आणि हातोडीशिवाय चालवावे, आणि फरशी पूर्ण पार झाल्यावरच भिंतीसाठी बिट व खूण बदलावी. पोकळ विटांच्या आतले पडदे पातळ असतात. ठोक्यांनी ते आतून फुटतात आणि प्लगला (स्क्रू पकडणाऱ्या नळीला) धरायला काही उरत नाही, म्हणून तिथे नुसते फिरवणेच बरे. हलक्या एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटच्या) ठोकळ्यांतही तसेच करावे, तिथे ठोक्यांनी छिद्र रुंद होते. छिद्राची खोली प्लगच्या लांबीपेक्षा सुमारे १० मिमी जास्त ठेवावी आणि ती खोलीच्या दांडीने किंवा बिटावर चिकटपट्टी लावून आखावी.

गुण्या
सर्व प्रतिसाद वाचले आणि मूळ वर्णनाकडे परत यावेसे वाटले. निळावंती लिहितात की बिट काही ठिकाणीच आणि दोन-अडीच सेंटिमीटरवरच अडते. मशीन, बिट किंवा दाब यांत दोष असता तर सगळीच छिद्रे अडली असती. लिंटेलमध्ये सळया असतात आणि त्यांच्याभोवती पोलादाच्या रिंगा असतात. या पोलादावर काँक्रीटचे आवरण बहुधा २० ते २५ मिमीच्या आसपास असते, वर गिलावा असेल तर त्याची जाडी वेगळी. त्यामुळे तुमचे बिट बहुतेक पोलादावर जाऊन थांबते आहे. काँक्रीटच्या बिटाने पोलाद कापले जात नाही, जोर वाढवला तर टोक जळते, आणि सळईच्या कडेला बिट पकडले गेले तर रंधा यांनी सांगितलेला झटका बसतो.

खात्री करून घेणे सोपे आहे. छिद्रातले पीठ कागदावर घ्या आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा, चकचकीत कण चिकटले तर पोलाद आहे. काही चिकटले नाही आणि बिट तरीही अडत असेल तर समोर खडीचा कठीण दगड आहे. मग बिट बाहेर काढून छिद्रात पोलादी टोचणी घाला, हातोडीने काही ठोके देऊन तो दगड फोडा आणि पुन्हा ड्रिल चालवा.

पोलाद निघाले तर ते कापू नका, छिद्राची जागा बदला. लिंटेल वरच्या भिंतीचे वजन पेलते आणि ते त्या पोलादाच्या बळावरच. आणखी एक इशारा देतो. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण देऊन ठेवलेल्या पोलादी तारा असतात. अशा स्लॅबमध्ये अभियंत्याने जागा आखून दिल्याशिवाय एकही छिद्र पाडू नये, कारण ती तार तुटली तर साठलेला ताण एकदम सुटतो.

निळावंती
सर्वांचे मनापासून आभार. आज चुंबक फिरवून पाहिला. अडलेल्या बहुतेक छिद्रांच्या पिठात चकचकीत कण चिकटले. एका छिद्रात मात्र काहीच मिळाले नाही, आणि तिथे टोचणीने दगड फुटल्यावर त्याच बिटाने पूर्ण खोली गाठली. बाजूची मूठ लावल्यावर बिट सरळ राहते हा वेगळाच लाभ झाला, छिद्राचे तोंड आता रुंदावत नाही. मांडणीच्या पट्टीला लांबट खाच असल्याने मला छिद्रे बाजूला सरकवता येतील. जुन्या, सोडून दिलेल्या छिद्रांपासून नवे छिद्र किती दूर घ्यावे?

गुण्या
साध्या नायलॉन प्लगसाठी दोन छिद्रांत निदान सोडलेल्या छिद्राच्या खोलीएवढे अंतर ठेवा, म्हणजे तुमच्या बाबतीत अडीच-तीन सेंटिमीटर. प्लगच्या पुस्तिकेत याहून जास्त अंतर दिले असेल तर तेच पाळा. लिंटेलच्या खालच्या कडेपासूनही लांब राहा, कारण मुख्य सळया तिथेच असतात आणि कड फुटण्याचा धोकाही तिथेच जास्त असतो. जुनी छिद्रे पंपाने साफ करा, आत पाणी शिंपडा आणि आकुंचन न पावणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरा, म्हणजे पोलादापर्यंत ओल पोचणार नाही. मसाला पुरता कडक होईपर्यंत त्या छिद्रांच्या लगत हातोडीच्या खुणेवर ड्रिल चालवू नका.